रद्दीच्या भावात गेलेलं भविष्य

आजचा एपिसोड जुन्या मराठी विज्ञानकथांच्या पुस्तकांवर आहे. पण सुरुवात एका कबुलीने करतो.

सात वर्षांपूर्वी मुर्ध्यातलं आमचं जुनं घर पाडून नवीन बांधायला घेतलं. माळ्यावर आजोबांच्या दोन गोण्या होत्या. 'नवल'चे दिवाळी अंक, कव्हर सुटलेले कथासंग्रह, असं बरंच काही. मी तेव्हा बीटेकच्या शेवटच्या वर्षाला. बाबांनी विचारलं, "यातलं काही ठेवायचंय का रे?" मी मोबाईलमधून मान वर न करता म्हटलं, "द्या देऊन." रद्दीवाल्याने काटा लावला आणि गोण्या गेल्या.

मी काय दिलं, हे कळायला पुढे नोकरी आणि भाईंदर लोकलचा रोजचा प्रवास लागला. सांगतो.

आपल्याकडे विज्ञानकथा आली ती भाषांतराचं बोट धरून. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीत आली. गंमत बघा, हे मासिक सुरू झालं होतं थेट कोचीनला! पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत नेला. मोठ्यांसाठी अनंत अंतरकरांचं 'नवल' होतं. भुतं, गूढकथा, परग्रह, सगळं एकाच अंकात. नारायण धारप, द. पां. खांबेटे ही त्या काळातली नावं.

मग येतं १९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत एक कथा आली, 'कृष्णविवर'. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ, आणि स्पर्धेत उतरला तो नवख्यांच्या रांगेत उभा राहून.

पुढच्याच वर्षी, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. आणि २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष होते स्वतः नारळीकर. स्पर्धेतल्या टोपणनावापासून संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत ४७ वर्षं. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा मला त्या दोन गोण्या पुन्हा आठवल्या.

त्यांच्याबरोबर आणखी बरेच जण लिहीत होते. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. जावडेकर तर आयआयटीतले केमिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्याच जातकुळीतले.

आता मुद्दा. मराठी विज्ञानकथा वाढली ती मुख्यतः कथेच्या रूपात, कारण तिचं घर होतं दिवाळी अंक. दिवाळी अंकाचं आयुष्य किती? फराळ संपेपर्यंत. मग तो शेजारी जातो, तिथून रद्दीत. आमच्या भाषेत सांगायचं तर अंक म्हणजे एकच कॉपी आणि कथासंग्रह म्हणजे तिचा बॅकअप. जी कथा संग्रहात आली नाही, ती कुणाच्या तरी माळ्यावरच जिवंत आहे. किंवा नाही.

"स्कॅन करून टाक ना ग्रुपवर," असं मित्र म्हणतात. पण आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. नारळीकरांचं लेखन मुक्त होईल ते २०८५ साल संपल्यावर. त्यांच्या नव्या आवृत्त्या मिळतात, त्या विकत घ्या. प्रश्न आहे ज्यांच्या आवृत्त्या पुन्हा निघाल्याच नाहीत त्यांचा. तोपर्यंत कागद टिकायला हवा, आणि जुना स्वस्त कागद स्वतःच आम्ल तयार करतो. पिवळा पडतो, कडक होतो, दुमडला की तुटतो. आमच्याकडे तर एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र. पावसाळ्यात कपाटात बुरशी ठरलेली.

म्हणून माझे नियम साधे आहेत. सेलोटेप लावायची नाही, तिचा चिकट डाग कागद खातो. पुस्तकं भिंतीला टेकवायची नाहीत. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. आणि विकत घेताना आधी आतलं पान बघायचं, कितवी आवृत्ती, कुठलं साल.

मी फाउंटनच्या फुटपाथवर शोधतो, माटुंग्याला शोधतो, बंद पडलेल्या लायब्रऱ्यांच्या गठ्ठ्यांत शोधतो. शिक्के मारलेली, तारखांची चिठ्ठी चिकटवलेली पुस्तकं मला जास्त आवडतात. एका संग्रहाच्या चिठ्ठीवर तारखांना जागा उरली नव्हती, म्हणून खाली दुसरी चिठ्ठी जोडली होती. म्हणजे लोक रांगेत होते, मंडळी!

आजोबांच्या गोणीतलं एकही पुस्तक परत मिळालेलं नाही. त्यांना त्यातली कुठली कथा आवडायची, हेही मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

तुमच्या घरी दिवाळीची साफसफाई निघेल तेव्हा माळ्यावरची गोणी एकदा उघडून बघा. पाच मिनिटं लागतात. काही सापडलं तर घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कुणाचं होतं?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.