तक्रार आली नाही

'उंदीर पडला' एवढं आजीने म्हटलं की आम्ही पोरं आपोआप तिच्याजवळ सरकायचो. गोष्ट तिच्या सासूबाईंची, १८९७ सालच्या प्लेगची, पुण्याच्या कसबा पेठेतली.

मार्चमधल्या एका सकाळी गोरे सोजीर दिंडीतून आत आले. बुटांसकट माजघरात, तिथून स्वयंपाकघरात, तिथून देवघरात. बळदातलं धान्य उपसून चौकात टाकलं, गाद्या-गोधड्या रस्त्यावर नेऊन पेटवल्या. मग घरातल्या बायकांना चौकात ओळीने उभं केलं आणि काखेत, जांघेत गाठ आहे का ते तपासलं. सासूबाई तेव्हा नुकत्या नांदायला आलेल्या. इथे आजी थांबायची. पुढचं तिने आम्हाला पुष्कळ वर्षांनी, आम्ही मोठे झाल्यावर सांगितलं. सासूबाईंनीही ते फक्त तिला सांगितलं होतं, तिच्या बाळंतपणात. नवऱ्यापाशी त्या जन्मात बोलल्या नाहीत.

या गोष्टीची दुसरी बाजू सरकारी कागदांत आहे. मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याचं पुराभिलेखागार आहे. प्लेगचा पत्रव्यवहार त्या काळी मुंबई सरकारच्या जनरल डिपार्टमेंटमधून चाले, आणि त्याची वेगळी बाडं तिथे जपलेली आहेत. घडीवर मोडणारा पिवळा कागद, समासात साहेबाचे शेरे. घटनांचा क्रम असा: सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला. त्याच महिन्यात पुण्याच्या प्लेग समितीवर वॉल्टर चार्ल्स रँड नेमला गेला आणि मार्चमध्ये डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई घरोघर झडत्या घेऊ लागले.

२२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याने लिहिलेला अहवालाचा मसुदा मागे राहिला. स्त्रीच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, असं त्यात समाधानाने नोंदवलेलं आहे. ही नोंद वाचली की माझा संताप होतो. तक्रार करायची कोणी? आणि कोणापुढे? नवऱ्याला न सांगितलेली गोष्ट पणजी कमिटीच्या साहेबाला सांगणार होती? त्याच वर्षी इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याच्या पत्रांवरून असे आरोप जाहीरपणे केले. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांना माफी मागावी लागली. पुरावा माजघरांतच राहिला.

पण घरच्या गोष्टीही सगळं सांगत नाहीत. आजीच्या गोष्टीत वाड्यातल्या कोणाला प्लेग झाला होता का, हे कधी यायचंच नाही. गाठ आलेलं माणूस माळ्यावर, कोठीत लपवायची सर्रास रीत होती, हे मला कागदांनी शिकवलं. भीती शिपायांची होती, तशी सोवळ्याओवळ्याची आणि शेजाऱ्यांचीही होती. त्याच दिवसांत हडपसरजवळच्या माळावर सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या, आणि १० मार्चला प्लेगनेच गेल्या. त्यांनी उचलून आणलेल्या प्लेगच्या रोगी मुलासाठी कोणती पेठ पुढे आली होती, हेही विचारलं पाहिजे. म्हणून मी आजीची गोष्ट आणि सरकारी बाड शेजारी ठेवून वाचते. एकाने गाळलेलं कधीकधी दुसऱ्यात सापडतं.

२०२०च्या मार्चमध्ये करोनासाठी तोच १८९७चा कायदा पुन्हा लागू झाला. त्या काळातल्या आदेशांच्या, खाटांच्या, मृत्यूंच्या फायली एक दिवस अशाच कपाटात जातील, आणि त्यांतही 'तक्रार आली नाही' असं कुठे कुठे लिहिलेलं असेल. तुमच्या घरात त्या दिवसांत काय झालं, कोणाला शेवटचं बघता आलं नाही, कोण मदतीला आलं, कोणी दार लावून घेतलं, ते साल आणि गाव घालून आत्ताच लिहून ठेवा.