खंडेनवमीचे तेल

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. त्या दिवशी शस्त्रे बाहेर काढावीत, घासूनपुसून स्वच्छ करावीत, त्यांस तेल लावावे व पूजा करावी, हा मराठी घरांतील जुना परिपाठ. अठराव्या शतकात होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या घराण्यांनी तो नर्मदेपलीकडे नेला, आणि इंदुरात तो रुजला. या विधीचे धार्मिक अंग सर्वांस ठाऊक आहे. परंतु ही तिथी नेमकी पावसाळा सरता सरता यावी, यातील व्यवहार सहसा कोणी लक्षात घेत नाही. लोखंडाचा वैरी गंज, आणि गंजाचा हंगाम म्हणजे पावसाचे चार महिने. तो हंगाम उलटताच प्रत्येक पाते एकदा तरी डोळ्यांखालून जावे, अशी तजवीज पंचांगातच करून ठेवलेली होती.

लोखंड गंजण्यास पाणी व हवेतील प्राणवायू ही दोन्ही लागतात. एक वगळले तर दुसरे निरुपद्रवी ठरते. उघड्या पात्यावर पाण्याचा थेंब पडावाच लागतो असेही नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या पुढे गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो, हे व्हर्नन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकांत प्रयोगांनी दाखविले. माळव्याची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते, पण जून ते सप्टेंबर ती मर्यादा सहज ओलांडते. कोकणात व गोव्यात त्यात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची भर पडते. म्हणून तिकडे विळी काय, आदोळी काय, कोयती काय, सारीच इंदूरपेक्षा लवकर गंजतात. बोटांच्या घामातही मीठ असतेच. पात्यावर हात लावून ते तसेच ठेवून दिले, तर काही दिवसांनी बोटांचे ठसे तांबूस होऊन उमटतात.

यावरचा सर्वांत जुना उपाय तेलाचा. तेलाचा थर पाणी व हवा यांस लोखंडापासून दूर ठेवतो. मात्र सगळी तेले सारखी नसतात. जवसाचे तेल हवेत वाळून कठीण होते. त्याचे आवरण टिकाऊ, पण काढावयास अवघड. तीळ वा करडई यांचे तेल कालांतराने चिकट होते, त्यावर धूळ बसते, आणि ती धूळ ओल धरते. खोबरेल वाळत नाही, तसेच फार काळ एका जागी ठरतही नाही. शिवाय जुने, खवट झालेले तेल आंबटपणाने पात्यालाच डाग पाडते. तेलात थोडे मेण वितळवून लावल्यास थर अधिक काळ टिकतो. खनिज तेल खवट होत नाही, म्हणून यंत्रयुगात त्याने या सर्वांस मागे टाकले. तथापि कोणतेही तेल घ्या, ते हळूहळू ओघळते व पुसले जाते. तेलाचा हा दोष ओळखूनच जणू वर्षातून एकदा ते नव्याने लावण्याचा दिवस ठरविला गेला.

धातूचे आवरण अधिक टिकाऊ वाटते, पण तेथेही भेद आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारींवर कोफ्तगरीचे सोने दिसते. सोने स्वतः कधी गंजत नाही. परंतु त्यास चीर पडली, तर त्या फटीतील लोखंड नुसत्या लोखंडापेक्षाही लवकर खाल्ले जाते. कल्हईच्या कथिलाचेही तेच. जस्ताचा स्वभाव मात्र याच्या उलट. जस्ताच्या थरास ओरखडा गेला, तरी प्रथम जस्त झिजते आणि लोखंड वाचते. माळव्याच्या वायव्येस, उदयपूरजवळच्या जावर येथे कित्येक शतके जस्त भट्टीत गाळून काढले जात होते. पण लोखंडावर जस्ताचा लेप देण्याची कृती पुढे आली ती फ्रान्समध्ये, १८३७ साली सोरेल याने घेतलेल्या पेटंटाने. तो लेप बादली, पत्रा व तार यांस उत्तम. धारेच्या पात्यास मात्र निरुपयोगी, कारण सहाणेवर पहिल्या फटक्यातच तो धारेवरून नाहीसा होतो. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने क्रोमियम मिसळलेले पोलाद तयार केले, आणि हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. त्या पोलादात साधारण बारा-तेरा टक्के क्रोमियम असल्याने पृष्ठावर एक अदृश्य पापुद्रा आपोआप धरतो व खरवडला तरी पुन्हा येतो.

असे स्वतःचे कवच स्वतः धारण करणारे लोखंड इंदूरच्या शेजारीच आहे. धार येथील लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. मूळ स्तंभ सुमारे तेरा मीटर उंच असावा. परंपरा त्याचे नाते अकराव्या शतकातील भोज राजाशी जोडते. उघड्यावर इतकी शतके काढूनही ते लोखंड उभे गंजून गेलेले नाही. दिल्लीच्या लोहस्तंभाचा अभ्यास करून कानपूरच्या आय. आय. टी.तील बालसुब्रमणियम यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की, जुन्या पद्धतीच्या लोखंडात स्फुरदाचा अंश अधिक असल्याने त्यावर एक घट्ट, संरक्षक थर बसतो. ही किमया आजच्या पोलादात शोधू नये. त्यातून स्फुरद मुद्दाम काढून टाकलेला असतो, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते.

होळकरांची शस्त्रे त्या स्तंभाच्या जातीची नव्हती. त्यांस माणसाचा हात लागत असे. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राज्याच्या रक्षणाचा भार कंपनीकडे गेला, राजधानी इंदुरास आली, आणि शिलेखान्यातील शस्त्रास युद्धाचे काम फारसे उरले नाही. मग त्याच्या निगेची आठवण राहिली ती मुख्यतः दसऱ्याच्या निमित्ताने. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. पुढे दरबारी रिवाज ओसरले, शिकलगाराचा धंदा बसला. ज्या घरांत एखादा खांडा, पट्टा वा कट्यार उरली, तेथे पूजा चालू राहिली, पण निगेचे ज्ञान मागे पडले.

खरी हानी येथे होते, आणि ती गंजापेक्षाही पूजेच्या उत्साहाने होते. पाते चकाकावे म्हणून विटेची पूड वा वाळूचा कागद लावतात. जुन्या भारतीय पोलादावर पाण्याच्या लाटांसारखा जो जौहर दिसतो, तो अशा घासण्याने बुजतो. सोन्याची नक्षी उडते, मालकाचे वा कारागिराचे नाव पुसले जाते. एका घराण्याचा, एका लढाईचा पुरावा दरवर्षी थोडा थोडा विटकरीत मिसळून जातो. ओले हळदकुंकू तसेच राहू दिले, तर त्याखाली डाग पडतात. पूजा आटोपल्यावर पाते कातडी म्यानात घालतात. ते कातडे ओल व आम्ल दोन्ही धरून ठेवते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्यास आत दव साचते.

तेव्हा येत्या खंडेनवमीस एवढे करावे. हळदकुंकवाचा मान कोरड्या बोटाने मुठीस द्यावा. पाते मऊ सुती कापडाने पुसावे. लाल गंज दिसला तर खनिज तेलात भिजविलेल्या कापडाने हळूच सैल करावा, घट्ट काळा थर मात्र तसाच राहू द्यावा. मग शुद्ध खनिज तेलाचा किंवा वस्तुसंग्रहालयांत वापरतात त्या बारीक स्फटिकांच्या मेणाचा पातळ हात द्यावा. म्यान वेगळे ठेवावे. पुढच्या वर्षी, पाऊस सरल्यावर, पुन्हा हेच करावे. आवरण कोणतेही निवडा. ते नव्याने देणारा हात घरात असला, तरच आजोबांचे पाते नातवाच्या हाती ओळखू येईल असे पोहोचेल.