भूगोलाची साक्ष आणि इतिहासाचा निवाडा : मोरिओरींच्या निमित्ताने

१९७२ च्या जुलै महिन्यात न्यू गिनीच्या किनाऱ्यावर याली नावाच्या एका स्थानिक पुढाऱ्याने जॅरेड डायमंड या अमेरिकी संशोधकाला एक प्रश्न विचारला. गोऱ्या लोकांनी इतक्या वस्तू निर्माण केल्या आणि त्या आमच्या बेटावर आणल्या. मग आम्हा काळ्या माणसांपाशी आमचे स्वतःचे म्हणावे असे इतके थोडे का, असा त्या प्रश्नाचा आशय होता. डायमंड तेथे पक्ष्यांचा अभ्यास करण्यासाठी गेले होते. या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पंचवीस वर्षांनी, १९९७ साली, 'गन्स, जर्म्स अँड स्टील' या ग्रंथात दिले. समाजासमाजांत जी तफावत दिसते तिचे मूळ माणसांच्या वंशात नसून त्यांच्या वाट्याला आलेल्या भूमीत आहे, हे त्या उत्तराचे सार. कोणत्या भूभागात पेरता येण्याजोगी रानटी तृणधान्ये होती, कोणती जनावरे माणसाळवता येण्यासारखी होती, एका प्रदेशातले पीक दुसऱ्या प्रदेशात पोहोचण्याच्या वाटेत वाळवंट किंवा समुद्र आडवा येत होता की नाही, यांवर धान्याचा साठा अवलंबून राहिला. आणि साठ्यावर राजा, लेखनिक, कारागीर व सैनिक पोसले गेले.

भूगोलावरून इतिहास सांगण्याची रीत तशी जुनी आहे आणि तिचा आपल्याशी आलेला पूर्वसंबंध फारसा सुखद नाही. हेन्री टॉमस बकल या इंग्रज इतिहासकाराचा इंग्लंडमधील सुधारणेच्या इतिहासाचा पहिला खंड १८५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने हिंदुस्थानचे उदाहरण विस्ताराने घेतले आहे. तांदळासारखे मुबलक अन्न, त्यामुळे वाढणारी प्रजा, त्यामुळे उतरणारी मजुरी आणि त्यामुळे मूठभरांच्या हाती एकवटणारी संपत्ती, अशी त्याची मांडणी होती. येथील निसर्गाच्या भव्यतेने माणसाची कल्पनाशक्ती अनावर होते आणि विवेक दबून जातो, असेही त्याचे म्हणणे होते. सारांश, हिंदी रयतेचे दारिद्र्य हा हवामानाचाच परिणाम ठरत होता. अशा उपपत्तीत राज्यकर्त्याला जाब विचारण्यास जागाच उरत नाही.

बकल आणि डायमंड यांना एका माळेत ओवणे अन्यायाचे होईल. बकलची मांडणी हिंदी मनाच्या दौर्बल्यापाशी येऊन थांबते. डायमंड यांची मांडणी वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवर घाव घालते. तथापि दोघांच्याही बाबतीत वाचकाला एक प्रश्न पडतो, आणि तो पडायलाही हवा. जे भूगोलाने घडले असे आपण म्हणतो, त्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाचा विचार मोघमपणे करण्याऐवजी एका लहानशा समाजाच्या इतिहासावर तो पारखून पाहावा. हा समाज म्हणजे पॅसिफिक महासागरातील चॅथम बेटांवरचे मोरिओरी. डायमंड यांनीही त्यांची हकीकत आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घेतली आहे.

मोरिओरी आणि न्यूझीलंडचे माओरी ही एकाच पॉलिनेशियन वंशवृक्षाची दोन पाती. पॉलिनेशियन दर्यावर्दी तेराव्या शतकाच्या सुमारास न्यूझीलंडला पोहोचले. त्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी त्यांच्यातील काही माणसे तेथून पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटर अंतरावरच्या चॅथम बेटांवर जाऊन वसली, असे बहुतेक संशोधक मानतात. या बेटांना त्यांनी रेकोहू असे नाव दिले. पुढे दोन्ही समाजांचा संपर्क तुटला. म्हणजे माणसे तीच, भाषा एकाच मुळातली, दैवते व आख्याने समान. बदलली ती केवळ भूमी. इतिहासात प्रयोगशाळेसारखी परिस्थिती क्वचितच सापडते. येथे ती जवळजवळ सापडली आहे.

रेकोहूचे एकूण क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरही नाही. अक्षांश ४४ दक्षिण. वारा सतत घोंघावणारा आणि हवा थंड. पूर्वजांनी उष्ण कटिबंधातून जपून आणलेली अळू, कोनफळ, रताळी ही पिके येथे रुजणे शक्य नव्हते. शेती करणाऱ्यांचे वंशज येथे पुन्हा अन्न गोळा करणारे झाले. सील, मासे, वाम, शिंपले, समुद्रपक्षी, नेच्याची मुळे आणि कोपी नावाच्या झाडाची फळे यांवर त्यांचा निर्वाह चाले. नावेसाठी लागणारे प्रचंड बुंध्याचे वृक्ष बेटावर नव्हते. तेव्हा त्यांनी हलक्या देठांच्या मोळ्या बांधून तराफे तयार केले. या तराफ्यांतून पाणी आरपार वाहत असे. त्यामुळे ते लाटांत उलटत नसत, पण त्यांवरून दूरचा प्रवासही होत नसे. साठवण्याजोगे धान्य नाही, म्हणून ते वसूल करणारा सरदार नाही आणि त्यावर जगणारा शिपाईही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे सुमारे २००० माणसे राहत होती.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर याच पूर्वजांच्या दुसऱ्या शाखेचे वळण अगदी निराळे झाले. तेथील उबदार भागांत रताळ्याचे पीक येई आणि ते जमिनीत कोठारे करून साठवता येई. कौरी आणि तोतारा यांच्या महाकाय खोडांतून युद्धनौका कोरल्या जात. लोकसंख्या लाखाच्या घरात गेली. चांगल्या जमिनीसाठी टोळ्याटोळ्यांत लढाया होऊ लागल्या आणि टेकड्यांवर 'पा' म्हणजे तटबंदीची गावे उभी राहिली. येथपर्यंत भूगोलाची साक्ष निर्विवाद आहे. एका भावाच्या हाती गदा आली आणि दुसऱ्याच्या हाती मासे पकडण्याचे जाळे, याचे कारण त्यांच्या रक्तात शोधण्याची गरज नाही.

परंतु मोरिओरींच्या जीवनात आणखी एक गोष्ट होती. नुनुकू-व्हेनुआ या पूर्वजाने फार पूर्वी टोळीयुद्धांना विटून मनुष्यवधाला बंदी घातली, अशी त्यांची परंपरा सांगते. भांडण झालेच तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने द्वंद्व करावे आणि रक्ताचा पहिला थेंब दिसताच थांबावे, असा दंडक होता. थोडी माणसे, तुटपुंजे अन्न आणि पळून जायला जागा नाही, अशा बेटावर युद्ध परवडत नाही. म्हणून हा नियम भूगोलातूनच निघाला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण कुक बेटांपैकी मंगाइआ हे बेट याहून कितीतरी लहान आहे. तेथेही माणसे पॉलिनेशियनच. अळूच्या मोजक्या पाणथळ जमिनींसाठी तेथे पिढ्यान्‌पिढ्या लढाया होत राहिल्या. अडचणीतून शांतताही निघू शकते आणि कत्तलही. रेकोहूवर शांतता निघाली, ती तेथील माणसांनी ठरवली आणि शतकानुशतके पाळली म्हणून.

१७९१ च्या नोव्हेंबरमध्ये विल्यम ब्रॉटन या अधिकाऱ्याचे 'चॅथम' हे इंग्रजी जहाज वाट चुकून या बेटांशी आले. किनाऱ्यावर झालेल्या झटापटीत एक मोरिओरी गोळी लागून मेला. त्यानंतर सीलच्या कातड्यांसाठी आणि देवमाशांच्या तेलासाठी शिकारी जहाजे येऊ लागली. त्यांच्याबरोबर रोगही आले. न्यूझीलंडमध्ये याच सुमारास बंदुका आणि बटाटे पोहोचले होते. ज्यांच्या किनाऱ्यावर व्यापारी जहाजे आधी थांबली, त्यांना बंदुका आधी मिळाल्या. बटाट्यांमुळे लांबच्या स्वाऱ्यांना पुरेल इतकी शिधासामग्री हाताशी आली. त्यातून जी युद्धांची साखळी सुरू झाली तिच्यात पश्चिमेकडील तारानाकी प्रदेशातले न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा हे गट वायकातोच्या टोळ्यांच्या दबावामुळे देशोधडीला लागले आणि दक्षिणेकडे सरकले. चॅथम बेटांवर अन्न मुबलक आहे आणि तेथील लोकांना लढाई ठाऊक नाही, ही बातमी त्यांना शिकारी जहाजांकडून कळली.

१८३५ साली त्यांनी 'रॉडनी' नावाच्या जहाजाच्या कप्तानावर जबरदस्ती करून दोन खेपांत सुमारे ९०० माणसे रेकोहूवर नेली. पहिली खेप १९ नोव्हेंबरला पोहोचली, दुसरी ५ डिसेंबरला. येथे एक तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. माओरींच्या भव्य युद्धनौका जवळजवळ चार शतके अस्तित्वात होत्या. त्या चार शतकांत कोणी रेकोहूवर चालून आले नव्हते. जे आले ते युरोपीय जहाजातून, युरोपीय बंदुका आणि अमेरिकेत जन्मलेले बटाटे घेऊन आले. दोन बेटांच्या निसर्गातील फरकाने मोरिओरी दुबळे ठरले होते हे खरे. पण त्या दुबळेपणाचे रूपांतर संहारात व्हायला सिडनी आणि लंडनच्या बाजारपेठा लागल्या.

माओरी जमिनीवर आपली मालकी जाहीर करीत बेटभर फिरू लागले तेव्हा मोरिओरी ते अवापातिकी या ठिकाणी सभेसाठी जमले. संख्येने ते आलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. तरुणांचे म्हणणे पडले की नुनुकूचा नियम आपल्या आपल्यातल्या भांडणांसाठी होता. परक्या आक्रमकांना तो लागू नाही. तापाता आणि तोरेआ या वृद्धांनी सांगितले की हा नियम सोयीचा करार नव्हे, तो धर्म आहे. तो मोडणे म्हणजे आपण कोण आहोत हेच गमावणे. वृद्धांचे म्हणणे मान्य झाले. शांतता आणि वाटून घेण्याचा प्रस्ताव ठेवण्याचे ठरले. तो प्रस्ताव पुढे ठेवण्याआधीच हल्ला झाला. सुमारे ३०० माणसे मारली गेली; उरलेल्यांना गुलाम करण्यात आले. आपसांत विवाह करण्यास आणि स्वतःची भाषा बोलण्यास त्यांना मज्जाव झाला. रोग, उपासमार आणि खचलेली जगण्याची इच्छा यांनी राहिलेले काम केले. १८६२ साली १०१ मोरिओरी उरले होते.

या सभेतील वृद्ध चुकले का, हा प्रश्न वर्गात विचारला तर चर्चा सहज तासभर रंगेल. पण तो एकमेव प्रश्न नव्हे. १८७० साली ब्रिटिश वसाहतीच्या भूमी-न्यायालयाने रेकोहूच्या मालकीचा निकाल दिला. विजय आणि ताबा या आधारांवर सुमारे ९७ टक्के जमीन न्गाती मुतुंगांना मिळाली. त्यांच्यापैकी बहुतेकजण तोवर तारानाकीला परतलेही होते. हा निकाल ना थंड हवेने दिला ना रताळ्याच्या अभावाने. तो टेबलापाशी बसलेल्या माणसांनी कायद्याची कलमे पाहून दिला.

आणि याहूनही खोल जखम कथनाने केली. मोरिओरी हे माओरींच्या आधी न्यूझीलंडमध्ये राहणारे, निराळ्या आणि हीन वंशाचे लोक होते, माओरींनी त्यांना हुसकून लावले, अशी एक कहाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रचलित झाली. ती विसाव्या शतकात शाळांतूनही शिकवली गेली. तिचा उपयोग उघड होता. माओरींनी मोरिओरींना घालवले, आता युरोपियनांनी माओरींना घालवले तर त्यात नवल ते काय, निसर्गाचा क्रमच तो! एच. डी. स्किनर यांनी १९२३ साली मोरिओरी हे पॉलिनेशियनच असल्याचे दाखवून दिले. तरी ही कहाणी कित्येक दशके जिवंत राहिली. मायकेल किंग यांचा मोरिओरींवरील ग्रंथ १९८९ मध्ये आला, तेव्हा कोठे सर्वसामान्य वाचकाच्या मनातले चित्र पालटू लागले. १९३३ मध्ये टॉमी सॉलोमन यांच्या निधनानंतर 'शेवटचा मोरिओरी गेला' असे मानले गेले होते. त्यांचे वंशज मात्र हयात होते. २०२० साली न्यूझीलंड सरकारने मोरिओरींशी करार केला, २०२१ मध्ये त्याचा कायदा झाला आणि शासनाने आपल्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली. भूगोलाची कोणी क्षमा मागत नाही. क्षमा निर्णयांचीच मागावी लागते.

आक्रमकांच्या बाजूनेही एक नोंद करायला हवी, नाही तर माओरी म्हणजे जन्मजात क्रूर, असा नवाच वंशवाद आपण पदरी घेऊ. ज्या तारानाकीतून हे गट निघाले, त्याच तारानाकीतील पारिहाका या गावाने १८८१ साली, जमीन हिरावून घ्यायला आलेल्या सुमारे १६०० सशस्त्र शिपायांचा सामना एकही शस्त्र न उचलता केला. ५ नोव्हेंबरच्या सकाळी शिपायांसमोर आली ती गाणारी मुले. प्रदेश तोच आणि लोक त्याच परंपरेतले; मधली अवघी सेहेचाळीस वर्षे. हवामान तेवढ्यात बदलत नाही.

तेव्हा यालीच्या प्रश्नाला डायमंड यांनी दिलेले उत्तर आपण स्वीकारावे, पण ते अर्धे उत्तर आहे हे जाणून. साधने कोणाच्या हाती का आली, हे ते सांगते. ती साधने हाती असलेल्यांनी काय केले, ज्यांच्या हाती नव्हती त्यांनी कशाला धरून राहायचे ठरवले, आणि नंतर निवाडा करणाऱ्यांनी कोणाची बाजू घेतली, हे सांगण्यासाठी माणसांचे शब्दच वाचावे लागतात. मोरिओरींचे असे शब्द उपलब्ध आहेत. १८६२ मध्ये उरलेल्या वृद्धांनी, नव्यानेच अवगत झालेल्या लिपीत, राज्यपाल जॉर्ज ग्रे यांच्याकडे आपले गाऱ्हाणे लिहून पाठवले. त्यासोबत १८३५ साली हयात असलेल्या आपल्या माणसांची नावांनिशी यादी केली आणि मारल्या गेलेल्यांच्या नावांवर खुणा केल्या. ज्या समाजाला भूगोलाने लेखनिक पोसण्याइतके धान्य कधी दिले नाही, त्याने हाती लेखणी येताच पहिल्यांदा आपल्या मृतांची नावे लिहिली. वाङ्मयाच्या अभ्यासकाने इतिहास वाचायला सुरुवात करावी ती अशा यादीपासून.