डिमर तंतूचा, दिवा एलईडीचा

डिमरवर लावलेला एलईडी दिवा फडफडू लागला, गुणगुणू लागला किंवा उजेड कमी करता करता मध्येच पटकन विझला, की खापर दिव्यावर फुटतं. दिवा स्वस्तातला असेल तर ते योग्यही असतं. पण चांगल्या दिव्याचीही हीच गत होते तेव्हा कारण भिंतीत शोधावं लागतं. घरगुती डिमर हे यंत्र तंतूच्या बल्बसाठी, त्या बल्बच्या गुणदोषांवर विसंबून घडवलं गेलं. बल्ब गेला, डिमर राहिला. एलईडीसाठी डिमर निवडणं म्हणजे हा जुना करार कुठे मोडला ते ओळखणं.

विजेचा उजेड कमी-जास्त करण्याची गरज पहिल्यांदा घराला नव्हे, रंगभूमीला पडली. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ साली विजेच्या दिव्यांनी उजळलं. गॅसच्या दिव्यांची चावी फिरवून प्रसंगानुरूप अंधार-उजेड करण्याची नाटकवाल्यांना सवय होती. विजेकडूनही त्यांना तेच हवं होतं. त्यासाठी दिव्याच्या वाटेत रोधक घातले गेले. उरलेली वीज त्या रोधकांत उष्णता होऊन वाया जाई आणि जवळच्या लाकडा-कापडाला आगीचा धोका असे. काही नाट्यगृहांत तर मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत धातूचे पत्रे वर-खाली करून प्रवाह आवरत. अमेरिकी संशोधक ग्रॅनव्हिल वुड्स यांनी १८९६ साली अधिक सुरक्षित डिमरचं पेटंट घेतलं. पुढे ऑटोट्रान्सफॉर्मर आले. त्यांनी वीज वाचवली, पण वजन आणि आकार तसाच अगडबंब. स्विचच्या खोबणीत मावेल, हाताला गरम लागणार नाही, असं यातलं काहीच नव्हतं.

ती अडचण अर्धवाहकांनी सोडवली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ साली थायरिस्टर तयार झाला आणि दोनच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा यांनी तो वापरून भिंतीत बसणारा डिमर बनवला. १९६१ मध्ये त्यांनी पत्नी रूथ यांच्यासह लुट्रॉन कंपनी काढली, १९६२ मध्ये पेटंट मिळालं. युक्ती अशी : उलटसुलट वाहणारी वीज आपल्याकडच्या ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा शून्यावर येते, अमेरिकेत १२० वेळा. प्रत्येक शून्यानंतर थायरिस्टर थोडा थांबतो, मग उघडतो आणि पुढच्या शून्यापर्यंत वीज जाऊ देतो. थांबणं वाढलं की उजेड कमी. वीज अडवून जाळायची नाही, तिचा तुकडाच कापायचा. हे इतकं सहज जमलं याचं श्रेय मात्र बरंचसं बल्बला द्यायला हवं. तापलेला तंतू सेकंदाच्या शंभराव्या भागात गार होत नाही, म्हणून कापलेली वीज डोळ्याला जाणवत नव्हती. तंतू हा साधा रोधक, कसाही तुकडा निमूट घेणारा. तिसरी गोष्ट कमी दिसणारी पण मोलाची : डिमरला स्वतःसाठी लागणारी किंचित वीज बल्बमधूनच वाहून परत जाई, त्यामुळे स्विचच्या जागी न्यूट्रल तार नसली तरी चाले. अमेरिकी घरांत ती अनेकदा नसेच. जुना स्विच काढून त्याच दोन तारांवर डिमर बसवता आला, हे त्याच्या खपाचं मोठं कारण.

एलईडीने हे तिन्ही आधार काढून घेतले. त्याचा प्रकाश प्रवाहाबरोबर लगेच खाली-वर होतो. शिवाय त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये ड्रायव्हर नावाचं स्वतंत्र सर्किट बसलेलं असतं. ड्रायव्हरच्या तोंडाशी कपॅसिटर असेल आणि थायरिस्टर लाटेच्या ऐन मध्यावर उघडला, तर तो एकदम मोठा घोट घेतो. ती गुणगुण बहुधा त्याचीच. थायरिस्टरला उघडं राहायलाही किमान प्रवाह लागतो. ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअर घेई. ९ वॅटचा एलईडी त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यावर भागवतो. मग थायरिस्टर अवेळी मिटतो आणि दिवा फडफडतो. एलईडीवर चालणारा डिमरचा दुसरा प्रकारही खरं तर उसनाच. १२ व्होल्टच्या हॅलोजन दिव्यांच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरांसाठी ट्रान्झिस्टरचे डिमर आले होते. ते शून्यावर उघडतात आणि लाटेची शेपटी कापतात. सुरुवात सौम्य असल्यामुळे बऱ्याच एलईडी ड्रायव्हरांना ते मानवतात.

यावर कुणी म्हणेल, दिव्यावर ‘डिमेबल’ छापलेलं असतं, तेवढं पुरे. पुरत नाही. त्या शब्दाचा अर्थ ड्रायव्हरला कापलेली लाट कळते एवढाच. लाट पुढून कापलेली की मागून, हे तो सांगत नाही. दिवा आणि डिमर यांचं जुळावं म्हणून अमेरिकेतल्या उत्पादकांच्या नेमा या संघटनेला २०१३ साली वेगळं मानक काढावं लागलं, यातच सगळं आलं. डिमरवरचा ४०० वॅटचा आकडाही तंतूच्या बल्बचा असतो. त्याला नऊने भागून दिवे मोजू नयेत. एलईडीसाठी वेगळा, बराच कमी आकडा दिलेला असतो, तो पाहावा, आणि किमान भारही.

डिमरने वीज वाचते, हा मुद्दा मला पूर्वीपासूनच लंगडा वाटतो. तंतूचा उजेड निम्मा केला तरी जवळपास ७० टक्के वीज लागतच असे. बल्बचं आयुष्य मात्र वाढे. एलईडीत वीज उजेडाच्या जवळपास प्रमाणात घटते, पण मुळातच ९ वॅट, त्यातले चार वाचले तर काय वाचलं? डिमर डोळ्यांच्या सुखासाठी घ्यावा, बिलासाठी नव्हे. आपल्या घरांनी तर मंद उजेडाचा प्रश्न वेगळा झिरोचा बल्ब लावून कधीच सोडवला होता, आणि नुसती रात्रीची सोय हवी असेल तर आजही तो मार्ग वाईट नाही. स्मार्ट दिवे उजेड स्वतःच्या आत कमी करतात. त्यांच्यामागे भिंतीत डिमर नकोच. मात्र घरातल्या आजोबांनी सवयीने बटण बंद केलं की त्यांचा स्मार्टपणा संपला.

आपल्या बोर्डावर गोल खुंटी असते ती बहुतेक पंख्याची. तिच्यावर दिवा लावण्याचा मोह टाळावा : तो रेग्युलेटर मोटरसाठी बेतलेला असतो. ‘उजाला’ योजनेतून २०१५ पासून घरोघरी गेलेले ९ वॅटचे बल्बही डिमरसाठी नाहीत. एका बाबतीत मात्र आपली वायरिंग उजवी आहे. बोर्डावरच प्लगची जागा असल्यामुळे न्यूट्रल बहुधा तिथे आलेली असते. अमेरिकेच्या वीज-संहितेने स्विचपाशी न्यूट्रल आणण्याचा नियम २०११ साली केला. न्यूट्रल जोडलेल्या डिमरला दिव्यातून वीज चोरावी लागत नाही, म्हणून बंद केल्यावर दिवा मिणमिणण्याचं एक मोठं कारणच उरत नाही. तेव्हा आधी दिवा ठरवा, त्याच्या उत्पादकाने तपासलेल्या डिमरांची यादी पाहा, आणि वायरमनला डिमरपर्यंत न्यूट्रल ओढायला सांगा.