तलवारीला म्यान, कोयत्याला चिंधी

आम्ही सेलू तालुक्यातल्या वालूरहून बोलतोय.

खंडेनवमीला आपण घरातली सगळी हत्यारं धुऊन मांडतो. विळा, खुरपं, कुऱ्हाड, कोयता. हळदकुंकू वाहतो, फूल ठेवतो. पुढं त्याच कोयत्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळतो, गाठोड्यात खुपसतो आणि ऊसतोडीच्या गाडीत चढतो. मागल्या हंगामात गाडीतून उतरताना आमच्या गटातल्या एका ताईची पोटरी अशाच गाठोड्यातल्या कोयत्यानं चिरली. टाके पडले, आठ दिवसांची मजुरी बुडाली. बैठकीत एकजण म्हणाली, "तलवारीला म्यान असतंय, मग कोयत्याला का नाही?" म्हणून आज म्यानाची गोष्ट.

जुनं म्यान असं बनायचं. लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या पात्याच्या मापानं कोरून जोडायच्या आणि त्यांवर ओलं चामडं ताणून शिवायचं. चामडं वाळलं की आवळून घट्ट बसतं. तोंडाला आणि टोकाला धातूची टोपी असे. वरची मुहनाल, खालची तहनाल. शिपायाचं म्यान साधं, सरदाराचं मखमलीचं आणि जरीचं.

पण हे चामडं कमावलं कुणी? ढोर समाजातली माणसं कातडं चुन्यात भिजवून केस काढत, मग बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवत. चांभार त्याच्या वहाणा शिवत, जीनगर घोड्याचं खोगीर शिवत. घरातल्या बायकाही या कामात राबत, पण कारागीर म्हणून त्यांची गणती झाली नाही. विहिरीवरची मोट चामड्याची, बैलाच्या घुंगरमाळेचा पट्टा चामड्याचा. मोटेच्या पाण्यावर गावची बागायत पिकायची, पण चामडं कमावणाऱ्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची मनाई. तलवारीची पूजा झाली, म्यान शिवणारा हात बाहेरच राहिला.

1818 साली पेशवाई संपली. फौजा गेल्या, म्यानांची मागणी घटली. 1878 मध्ये इंग्रज सरकारनं हत्यारबंदीचा कायदा केला. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पण शिलेदारीचे दिवस इथंही सरले. पुढं इंजिन आणि विजेचे पंप आले, मोटही गेली. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढायचं काम सोडा, असं सांगितलं. तेव्हा ज्यांनी ते सोडलं, त्यांनी मानानं जगण्यासाठी सोडलं. म्हणून "जुनी कला बुडाली हो" अशी नुसती हळहळ आम्ही करत नाही.

आता लांबची एक गोष्ट. अमेरिकेच्या गवताळ मैदानांत लकोटा, शायेन असे आदिवासी राहतात. त्यांच्या बाया कातडं स्वतः कमावत आणि सुरीचं म्यानही स्वतः शिवत. आधी साळिंदराचे काटे रंगवून त्यावर नक्षी काढत. पुढं व्यापाऱ्यांनी युरोपातून काचेचे मणी आणले, मग मण्यांची नक्षी आली. ती सुरी लढाईसाठीच नव्हती. मांस कापायला, कातडं सोलायला बाईच्या कमरेला रोज लागायची. रोजच्या कामाच्या हत्याराला त्यांनी सजवलेलं घर दिलं.

मणी ओवणं आपल्याला नवं नाही. तांड्यावरच्या बंजारा बायांचं कवड्या, आरसे आणि मण्यांचं काम आपण पाहतोच. तेव्हा आमच्या गटानं कोयत्याचं म्यान करायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी दोघी मागं सरकल्या. "चामड्याला शिवायचं?" एक थोरली ताई म्हणाली, "पायात घालतीस ते काय हाय?" सगळ्या हसल्या, पण बोचलंही सगळ्यांनाच.

शिकवायला आमच्याच गावातली, चामड्याच्या कामात वाढलेली एक काकू आली. आम्ही तिला गुरुजींचा मान आणि दिवसाची पूर्ण मजुरी दिली. तिनं सांगितलं ते असं. आधी कागदावर माप काढा. धारेच्या बाजूला चामड्याच्या दोन पदरांमध्ये चामड्याचीच जाड पट्टी घाला, म्हणजे धार दोऱ्याला कापत नाही. छिद्रं आधी आरीनं पाडा. दोऱ्याला मेण लावा. कोयत्याचं पातं वाकडं, म्हणून म्यानाची मागची बाजू उघडी ठेवून बटण लावा. मणी वरच्या काठालाच शिवा, नाहीतर गाठोड्यात घासून तुटतील.

पहिलं म्यान वाकडं झालं. दुसरं बरं जमलं. तिसरं त्या पोटरी चिरलेल्या ताईला दिलं. तिनं काठाला काळे मणी ओवून घेतले.

मैत्रिणींनो, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात. म्हणजे मुकादमाच्या वहीत आपण अर्धा कोयता. हिशेब जोडीचा, उचल घेताना सही बहुतेक त्याची. म्यानानं ते बदलणार नाही, हे आम्हाला कळतं. पण ज्या हत्यारावर घर चालतं, त्याला चिंधी का, हा प्रश्न एकदा पडला की पुढचेही पडतात. यंदाच्या खंडेनवमीला पूजा करताना तुमच्या गटात तो विचारून बघा.