वाईन द्राक्ष आणि हवामान : छाटणीपासून तोडणीपर्यंत कोणत्या महिन्यात काय बिघडतं, काय साधतं?

दिंडोरी (प्रतिनिधी) : वाईन वाईनरीत तयार होत असली तरी ती चांगली निघणार की फिकी, हे बरंचसं बागेतच ठरलेलं असतं. बागेतलं निम्मं काम हवामानाच्या हातात असतं. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं. त्यानंतर दिंडोरी, निफाड, नाशिक, इगतपुरी भागात करारावर वाईनच्या जाती लावणारे शेतकरी वाढले. या बागेचं वर्ष कसं चालतं, ते महिन्यांच्या क्रमानं पाहू.

दोन छाटण्या कशासाठी?

युरोपात कडक थंडीत वेल झोपी जातो, तिथली तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी करून फळ धरायचं. तोडणी जानेवारी ते मार्च. सगळा आटापिटा फळ पावसातून वाचवून कोरड्या हवेत पिकवण्यासाठी असतो.

एप्रिल ते जून : डोळ्यात घड ठरतो

खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या मालाचा घड तयार होतो. त्याला लख्ख ऊन लागतं. या काळात ढग आणि पाऊस राहिला तर घडाऐवजी नुसती बाळी निघते. २०२५ मध्ये मे महिनाभर अवकाळी पाऊस झाला आणि २६ मेलाच मान्सून मुंबईत पोचला. अशा वर्षी गोडी छाटणीआधी डोळे तपासून घेतलेले बरे. घड कमी आहेत हे आधी कळलं तर खर्चाला आवर घालता येतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : फुटवा आणि फुलोरा

हा सगळ्यात नाजूक काळ. पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनी येतो, कोवळा घड जागेवर जळतो. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ आणि कूज होते. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ, २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आणि २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट जिल्ह्यातले बागायतदार विसरलेले नाहीत. गार लागलेल्या काडीला जखम राहते, म्हणून तिचा फटका पुढच्या हंगामालाही बसतो.

डिसेंबर-जानेवारी : थंडी कोणाला मानवते?

निफाडचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये २ अंशांच्या खाली गेला होता. इतकी थंडी पडली की मण्यांची फुगवण थांबते, शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. थॉमसनसारख्या हिरव्या द्राक्षात पाणी उतरताना दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला तर मणी गुलाबी होतात. त्याला आपण पिंक बेरी म्हणतो आणि त्याचा भाव पडतो.

वाईनच्या द्राक्षाचं गणित वेगळं आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की शिराज, कॅबरनेसारख्या काळ्या जातींना रंग भरतो. सॉव्हिनो ब्लांसारख्या पांढऱ्या जातीचा वास आणि आंबटपणा टिकतो.

जानेवारी ते मार्च : साखर चढते, आंबट उतरतं

साखर ब्रिक्समध्ये मोजतात. एक ब्रिक्स साखरेतून साधारण अर्धा टक्क्याहून थोडं जास्त अल्कोहोल होतं, म्हणजे २२ ब्रिक्सच्या मालाची वाईन १२ ते १३ टक्क्यांची. फेब्रुवारीतच ऊन तापलं तर साखर भराभर चढते, आंबटपणा झपाट्यानं उतरतो आणि वाईन सपक लागते. म्हणून पांढऱ्या जाती आधी तोडतात, काळ्या नंतर. तोडणीही रात्री किंवा भल्या पहाटे करतात, म्हणजे माल थंड राहतो.

तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर मणी पाणी ओढतो, ब्रिक्स उतरतो, मणी तडकतो. शेनिन ब्लांचा घड गच्च असतो, त्यात कूज लवकर शिरते. कॅबरनेचा घड मोकळा आणि साल जाड, ती थोडी तग धरते. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत मात्र कोणतीच जात तग धरेल अशी परिस्थिती नव्हती.

नुकसान कोणाच्या पदरात?

खायच्या द्राक्षाला थोडा डाग पडला तर लोकल बाजार आहे, बेदाणा आहे. वाईनच्या जातीचा मणी बारीक आणि बियांचा असतो, त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. वाईनरीनं गाडी परत पाठवली तर माल टाकूनच द्यावा लागतो. म्हणून एवढं सांभाळा :

- करार करताना ब्रिक्स कमी भरला तर भाव किती कापणार, पावसाच्या वर्षी माल कोण आणि कधी उचलणार, हे लेखी घ्या.
- तोडणी जवळ आली की बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून, सावलीतले आणि उन्हातले मणी घेऊन ब्रिक्स तपासा. एका घडावरून अंदाज बांधू नका.
- शेवटच्या टप्प्यात गंधक मारू नका. ते मालावर राहिलं तर वाईनला सडक्या अंड्यासारखा वास येतो. फवारणीची नोंद वही ठेवा.
- हवामान आधारित फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण जादा हप्ता भरून वेगळं घ्यावं लागतं. गारपीट झाली तर ७२ तासांत विमा कंपनीला कळवा, फोटो काढून ठेवा.

पाऊस, गारा आपल्या हातात नाहीत. पण पाऊस आला तर पैसे कोणाचे जाणार, हे ठरवायची वेळ कराराच्या कागदावर सही करताना असते. गाडी वाईनरीच्या गेटवर उभी राहिल्यावर ती वेळ निघून गेलेली असते.