घोंगडी : एका वस्त्राचा आणि न्याय्य मोलाचा इतिहास

कोल्हापूर जिल्ह्यातील वस्त्रोद्योगाचा इतिहास सांगताना आपण बहुधा यंत्रापासून आरंभ करतो. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने ते गाव पुढे ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी खुद्द कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. या दोन्ही घटना गौरवाच्याच आहेत. परंतु त्यांच्या कितीतरी आधीपासून या मुलखात एक वस्त्र हातांनी विणले जात होते आणि ते विणणाऱ्यांची दखल इतिहासाने क्वचितच घेतली. ते वस्त्र म्हणजे घोंगडी.

घोंगडी एकट्याच्या हाताने होत नाही. धनगर दख्खनी जातीची मेंढरे राखतो. वर्षातून दोनदा त्यांची लोकर कातरली जाते. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ. लोकर पिंजून झाली की घरातील स्त्रिया चरख्यावर तिचे सूत काढतात. सणगर त्या सुताला चिंचोक्याची खळ लावतो, ते वाळवतो आणि खड्ड्याच्या मागावर बसून घोंगडी विणतो. काळा, पांढरा, करडा हे रंग मेंढराच्या अंगचेच असतात. रंगाची भट्टी नाही, विजेचा खर्च नाही. पिढीभर वापरून जीर्ण झालेली घोंगडी अखेर मातीला मिळते.

या वस्त्राभोवती माणसांचीही एक वीण होती. धनगर आपल्या मेंढरांचा तळ शेतात बसवी आणि त्या खताच्या मोबदल्यात शेतकरी त्याला धान्य देई. तोच शेतकरी भर पावसात घोंगडीची खोळ पांघरून रानात उभा राही. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत आजही भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते, यावरून या समाजाच्या जीवनात लोकरीचे स्थान काय होते ते कळून येते.

ही वीण उसवली ती कारागिराचे कसब आटले म्हणून नव्हे. शेतीला पाणी मिळाले, ऊस वाढला आणि चराऊ माळ कमी होत गेले. मेंढरू मुख्यतः मांसासाठी पाळले जाऊ लागले. जाडसर लोकरीला भाव उरला नाही. कातरणीची मजुरीही तिच्यातून निघेना. बाजारात गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आणि प्लॅस्टिकचे रेनकोट आले. चरखा थांबला की मागही थांबतोच.

तथापि सारा दोष यंत्राच्या माथी मारून आपली सुटका होत नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागांनी हजारो कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या. उलट, शाहू महाराजांची ती गिरणी मात्र कालांतराने बंद पडली. तेव्हा खरा प्रश्न हात की यंत्र हा नसून, श्रमणाऱ्याच्या पदरात काय पडते हा आहे. शाहू मिलच्या पायाभरणीपूर्वी १५ वर्षे, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’मध्ये धरित्रीची आणि गरिबांची हाक एकत्रच ऐकावयास सांगितले. घोंगडीच्या बाबतीत या दोन्ही हाका एकाच दाराशी येतात.

कोल्हापुरी चपलेने आपल्याला याचाच धडा दिला आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने तशाच घडणीच्या चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. लोकांनी आवाज उठविल्यावर कंपनीने त्या चपलांचे मूळ मान्य केले. वस्तूची कीर्ती सातासमुद्रापार जाते, पण ती घडविणारा हात ओळखला जाईलच असे नाही.

आम्हां ख्रिस्ती जनांना तर हा विषय परका वाटू नये. संत पौल करिंथ नगरीत अक्विला व प्रिस्किल्ला यांच्यासमवेत तंबू तयार करून पोट भरीत. ज्या किलिकिया प्रांतात त्यांचा जन्म झाला, तो बकऱ्याच्या केसांच्या जाड्याभरड्या कापडासाठी प्रसिद्ध होता. घोंगडीचे नाते अशाच कापडाशी आहे.

आपल्या धर्मग्रामांत सणासमारंभाला शाली पांघरून सत्कार होतात. त्यांतील काही प्रसंगी तरी हातमागावरची घोंगडी आणावी, ती विणणाऱ्याकडून घ्यावी आणि घासाघीस न करता तिचे पुरते मोल द्यावे. जुन्या कलेचे गोडवे गाणे सोपे आहे. पण तिच्यावर पोट असणाऱ्या घरात त्या गोडव्यांनी चूल पेटत नाही.